चार मिलिमीटरांचा फरक

पिस्टनची खाली-वर होणारी सरळ हालचाल क्रँकशाफ्टच्या गोल फिरण्याला जोडून देणारा जो पोलादी दांडा इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात असतो, त्याला कनेक्टिंग रॉड म्हणतात. कारखान्यात आणि गॅरेजात त्याला नुसते ‘रॉड’ म्हणून भागते. पायाने चालवायच्या शिलाई यंत्रात पायाखालच्या पाटीपासून मोठ्या चाकापर्यंत जाणारा दांडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या भागाचे काम वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. फरक इतकाच की मोटारीत तो दांडा शिंप्याच्या पायाऐवजी जळत्या वायूच्या दाबाने ढकलला जातो आणि इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरत असेल तर सेकंदाला शंभर वेळा वर जाऊन शंभर वेळा खाली येतो. त्याचे वरचे लहान टोक पिस्टनमधून आडव्या गेलेल्या पिनेवर डोलते. खालचे मोठे टोक दोन अर्धगोलांचे असून ते क्रँकशाफ्टच्या क्रँकपिनला कवेत घेते आणि दोन बोल्टांनी आवळले जाते. या दोन टोकांच्या मधला जो सडसडीत भाग उरतो, तो किती जाड असावा हा प्रश्न वरवर पाहता केवळ अभियंत्यांचा वाटतो, परंतु जुन्या टर्बोचार्जर बसवलेल्या मोटारींची ताकद वाढवू पाहणाऱ्या हौशी मंडळींमध्ये याच भागावरून सर्वाधिक वाद होतात आणि सर्वाधिक इंजिनेही याच भागापायी निकालात निघतात.

या वादांत एक प्रश्न ठरलेला असतो, तो म्हणजे अमुक इंजिनाचा रॉड किती अश्वशक्ती सोसेल हा. त्याला उत्तर म्हणून आकडेही तयार असतात. वास्तविक हा प्रश्न विचारण्याची रीतच चुकीची आहे, कारण रॉडला अश्वशक्ती कळत नाही. त्याला कळतो तो पिस्टनवरचा दाब आणि पिस्टनच्या वजनाचा ओढा, आणि हे दोन्ही भार इंजिन किती वेगाने फिरत असताना किती जोर लावते यावर ठरतात. तेवढीच अश्वशक्ती दोन वेगवेगळ्या मार्गांनी मिळवता येते आणि त्यांतल्या एका मार्गाने रॉड वर्षानुवर्षे टिकतो, तर दुसऱ्या मार्गाने तो पहिल्याच चढावर वाकतो. ही गोष्ट समजून घेण्यासाठी स्वीडनच्या व्होल्वो कंपनीच्या एका जुन्या इंजिनाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल, कारण त्या इंजिनाचा रॉड निर्मात्यांनी स्वतःच आधी बारीक केला आणि काही वर्षांनी पुन्हा जाड केला.

टर्बोचार्जरची कल्पना मोटारींपेक्षा फार नवी नाही. इंजिनाच्या धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक लहान पाते फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पात्याने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात कोंबायची, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या इंजिनात अधिक हवा, म्हणून अधिक इंधन, म्हणून अधिक जोर, अशी ती योजना. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने तिचे पेटंट १९०५ मध्येच घेतले होते. प्रवासी मोटारींत ती अमेरिकेत १९६२ च्या सुमारास आली, युरोपात बीएमडब्ल्यू, पोर्शे आणि साब यांनी १९७० च्या दशकात ती आणली, आणि व्होल्वोने १९८१ सालच्या २४० मालिकेतील मोटारींत ती घेतली. हवेवर टाकलेल्या या जादा दाबाला ‘बूस्ट’ म्हणतात. बूस्ट वाढवणे हे पिस्टन वा झडपा बदलण्याच्या तुलनेत हास्यास्पद वाटावे इतके सोपे काम असते. एका झडपेची स्प्रिंग घट्ट करावी, अलीकडच्या गाडीत संगणकातला आकडा बदलावा, की झाले. जुन्या टर्बो गाड्यांचे आकर्षण आणि त्यांचा धोका ही दोन्ही या सोपेपणातूनच जन्मली आहेत.

व्होल्वोच्या ज्या इंजिन-कुळाची ही गोष्ट आहे त्याला ब्लॉकच्या लाल रंगामुळे जगभर ‘रेडब्लॉक’ म्हणतात. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून १९९८ पर्यंत ते निरनिराळ्या रूपांत बनत राहिले. चार सिलिंडर, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वर अॅल्युमिनियमचे हेड, आणि पिस्टनची ८० मिलिमीटरची धाव ही त्या कुळातील टर्बो इंजिनांची समान खूण होती. पहिले टर्बो इंजिन, बी-२१, सुमारे २.१ लिटरचे होते. पुढे सिलिंडरचा व्यास ९६ मिलिमीटर करून २.३ लिटरचे बी-२३ आले. चौकोनी बांध्याच्या या २४० टर्बोने १९८५ मध्ये युरोपीय टूरिंग कार स्पर्धेचे विजेतेपद जानफ्रान्को ब्रांकातेल्ली आणि थॉमस लिंडस्ट्रॉम यांना मिळवून दिले, आणि शर्यतीच्या जगात तिला ‘उडती वीट’ हे नाव पडले. शर्यतीच्या गाडीतले इंजिन साडेतीनशे अश्वशक्तीच्या घरात होते. ते पाहून आपल्या दारातल्या गाडीतूनही तेवढी शक्ती काढता येईल असे कित्येकांना वाटले, पण शर्यतीच्या इंजिनातील पिस्टन, रॉड आणि क्रँकशाफ्ट खास घडीव होते आणि त्यात आत जाणारी हवा थंड करण्यासाठी पाण्याचा फवारा मारण्याची सोयही होती, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांनी ध्यानात घेतले.

गंमत अशी की ज्या वर्षी उडत्या विटेने ही शर्यत जिंकली, त्याच वर्षीच्या विक्रीच्या गाड्यांत व्होल्वोने नवे बी-२३० इंजिन आणले आणि त्याचे रॉड आधीच्यांपेक्षा सडपातळ केले. १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर इंधन वाचवणे हा सर्वच युरोपीय निर्मात्यांचा ध्यास झाला होता, आणि इंजिनाच्या आत एकमेकांवर घासणाऱ्या भागांचे घर्षण व वजन कमी केल्याने इंधन वाचते हे उघड होते. म्हणून बी-२३० चे पिस्टन हलके आणि बुटके झाले. रॉड १४५ मिलिमीटरऐवजी १५२ मिलिमीटर लांब झाले, ज्यामुळे पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आडवा कमी रेटला जातो. आणि त्या रॉडच्या मधल्या दांड्याची जाडी ९ मिलिमीटरवर आली. १९९० च्या आसपास तोच दांडा १३ मिलिमीटर करण्यात आला, आणि त्याच काळात क्रँकशाफ्टच्या मुख्य बेअरिंगांचा व्यासही ५५ वरून ६३ मिलिमीटर झाला. हौशी मंडळी या दोन रॉडना सरळ ‘नऊचा’ आणि ‘तेराचा’ म्हणतात, आणि जुनी व्होल्वो विकत घेताना पुष्कळ जण रंगापेक्षा या आकड्याची चौकशी आधी करतात.

कारखान्याने ठरवलेल्या शक्तीसाठी नऊचा रॉड अपुरा मुळीच नव्हता, हे येथे स्पष्ट करायला हवे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या बी-२३० टर्बोची शक्ती १६० अश्वशक्तीच्या आसपास होती आणि त्या शक्तीवर असंख्य गाड्या लाखो किलोमीटर चालल्या. अभियंत्याने जो भाग बनवला तो त्याच्यासमोर असलेल्या कामासाठी बनवला, तीस वर्षांनी कोणी बूस्ट दुप्पट करील या हिशेबाने नव्हे. म्हणून त्या रॉडला ‘कमजोर’ म्हणणे हे बैलगाडीच्या जुवाला ट्रॅक्टरची ट्रॉली ओढता आली नाही म्हणून दोष देण्यासारखे आहे.

आता रॉडवर नेमके कोणते भार येतात ते पाहता येईल. सिलिंडरचा व्यास ९६ मिलिमीटर असेल तर पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ७२ चौरस सेंटिमीटर भरते. ज्वलनाच्या वेळी सिलिंडरातील दाब क्षणभर ८० बारपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास ऐंशीपट, चढतो असे धरले, तर पिस्टनवर सुमारे ५.९ टनांचा भार येतो. हा आकडा नुसता वाचून पुढे जाण्यासारखा नाही: हातात सहज मावणाऱ्या दांड्यावर एका भरलेल्या मिनी ट्रकचे ओझे, तेही दर दोन फेऱ्यांत एकदा. बूस्ट वाढवून तोच दाब १०० बारपर्यंत नेला तर भार ७.४ टन होतो. हा सगळा भार रॉडला दाबणारा असतो.

दुसरा भार पिस्टनच्या स्वतःच्या वजनातून येतो. वर जाणारा पिस्टन टोकाला पोहोचून क्षणभर थांबतो आणि लगेच उलट दिशेने खाली खेचला जातो. त्याला थांबवण्याचे आणि पुन्हा ओढण्याचे काम रॉडच करतो. पिस्टन, त्याची पिन, रिंगा आणि रॉडचा वरचा भाग मिळून ८०० ग्रॅम वजन धरले, तर ६००० फेऱ्यांच्या वेगात हा ओढा सुमारे १.६ टनांचा होतो आणि ७००० फेऱ्यांत २.२ टनांचा, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हाच नियम उलट लावला तर ३००० फेऱ्यांत तो जेमतेम ०.४ टन राहतो. म्हणजे पहिला भार दाबतो आणि दुसरा ओढतो; पहिला बूस्टने वाढतो आणि दुसरा वेगाने.

अश्वशक्तीचा प्रश्न चुकीचा का, ते या दोन भारांची बेरीज-वजाबाकी केली की लक्षात येते. ज्वलनाचा दाब पिस्टन वरच्या टोकाजवळ असतानाच कमाल असतो आणि नेमका त्याच वेळी पिस्टनच्या वजनाचा ओढा वरच्या दिशेने असतो, म्हणून तो ओढा दाबाचा काही भाग परस्पर खाऊन टाकतो. कारखान्याच्या बूस्टवर, ८० बारला, इंजिन ३००० फेऱ्यांनी फिरत असेल तर रॉडला निव्वळ ५.५ टन सोसावे लागतात आणि ६००० फेऱ्यांनी फिरत असेल तर ४.३ टन. बूस्ट वाढवून १०० बार केले तर ३००० फेऱ्यांवर भार ७ टन होतो, पण ६००० फेऱ्यांवर तो ५.८ टनच असतो, म्हणजे मूळ इंजिन कमी वेगात जो भार रोज सोसत होते त्याहून थोडासाच जास्त. वाढवलेला बूस्ट वरच्या वेगात आला तर रॉडला तो फारसा जाणवत नाही. तोच खालच्या वेगात आला तर रॉडचे कंबरडे मोडते.

हीच गोष्ट टॉर्कच्या भाषेत अशी मांडता येते. टॉर्क म्हणजे क्रँकशाफ्टला मिळणारा पीळ, आणि शक्ती म्हणजे टॉर्क आणि वेग यांचा गुणाकार. ३०० अश्वशक्ती ६००० फेऱ्यांवर काढायची असेल तर सुमारे ३५५ न्यूटन-मीटर टॉर्क पुरतो; तीच शक्ती ४००० फेऱ्यांवर हवी असेल तर सुमारे ५३५ न्यूटन-मीटर लागतो. दोन्ही गाड्यांच्या मालकांना ‘तीनशे घोडे’ म्हणून मिरवता येते, परंतु पहिल्याच्या रॉडला जे सोसावे लागते त्याच्या दीडपट जोर दुसऱ्याच्या रॉडवर पडतो. लहान टर्बोचार्जर लवकर वेग घेतो, खालच्याच फेऱ्यांत भरपूर हवा कोंबतो, आणि गाडी चालवायला अतिशय रंगतदार होते. मोठा टर्बोचार्जर आळसावल्यासारखा उशिरा जागा होतो, म्हणून त्याला नावे ठेवली जातात. रॉडच्या दृष्टीने मात्र हा आळशीच बरा. बारीक रॉडच्या इंजिनावर काम करणारा जाणता मेकॅनिक म्हणूनच बूस्ट एकदम न चढू देता ३५०० फेऱ्यांच्या पुढे हळूहळू चढेल अशी व्यवस्था करतो, आणि वरच्या गिअरमध्ये कमी वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबण्याची सवय मालकाला सोडायला सांगतो. ही शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी पाळली जाणारी असते.

दाबाखाली रॉड तुटत नाही, तो बाजूला लचकतो. अभियंते याला ‘बकलिंग’ म्हणतात. पातळ फुटपट्टी उभी धरून वरून दाबली तर ती चुरगळण्याच्या कितीतरी आधी धनुष्यासारखी वाकते, तोच हा प्रकार. लेओनहार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७४४ मध्ये या वाकण्याचा नियम मांडला आणि त्यातून दिसते की दांडा वाकण्याची सुरुवात त्याच्या सर्वांत बारीक बाजूकडे होते आणि तेथील जाडीचा प्रभाव प्रचंड असतो. साध्या आयताकृती पट्टीची वाकण्याला विरोध करण्याची क्षमता जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ९ मिलिमीटरची पट्टी १३ मिलिमीटरची केली तर ही क्षमता सुमारे तिप्पट होते. रॉड ही साधी पट्टी नसते आणि तो ऑयलरच्या सूत्राला पूर्ण लागू पडावा इतका लांबडाही नसतो, त्यामुळे त्याची ताकद प्रत्यक्षात तिप्पट होत नाही; तरीही चार मिलिमीटरांनी एवढा फरक का पडावा याचे उत्तर या घनात आहे.

रॉडचा आडवा छेद इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा का असतो, याचेही कारण येथेच मिळते. महाराष्ट्रातील पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत यंत्र-अभिकल्प शिकलेल्या प्रत्येकाने रॉडचा तो छेद काढलेला असतो, ज्यात मधल्या पडद्याची जाडी एक मानली तर रुंदी चार आणि उंची पाच असते. क्रँक फिरते त्या प्रतलात रॉडची दोन्ही टोके पिनांवर मोकळी डोलतात, तर त्याला काटकोनातल्या दिशेने ती पिनांनी घट्ट धरलेली असतात. घट्ट धरलेला दांडा मोकळ्या दांड्यापेक्षा सिद्धान्ताने चौपट भार सोसतो, म्हणून छेदाला एका दिशेने अधिक आणि दुसऱ्या दिशेने कमी बळकटी देऊन दोन्हीकडची ताकद सारखी केली जाते. कागदावर ही मांडणी फार सुबक आहे. प्रत्यक्षात जुन्या इंजिनात बेअरिंगे झिजून सैल झालेली असतात आणि तो ‘घट्ट धरलेला’ गृहीत धरलेला दांडा तितकासा घट्ट राहिलेला नसतो.

आतापर्यंतच्या हिशेबात ज्वलन नीट होते असे धरले आहे. सिलिंडरातील मिश्रण ठिणगीपासून निघालेल्या ज्योतीने क्रमाने जळण्याऐवजी त्याचा उरलेला भाग उष्णता आणि दाबाने आपोआपच एकदम पेटला, तर इंजिनातून ठोकल्यासारखा आवाज येतो. त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. नीट ज्वलनात दाब चढतो, नॉकिंगमध्ये तो आदळतो. बूस्टने दाबलेली हवा तापते, तापलेली हवा नॉकिंगला आमंत्रण देते, आणि म्हणूनच हवा थंड करणारा इंटरकूलर, चांगल्या ऑक्टेनचे पेट्रोल आणि थोडी उशिरा दिलेली ठिणगी यांचा उपयोग रॉडला मजबूत करण्याइतकाच असतो. अनेक मोडक्या इंजिनांची उत्तरीय तपासणी केली असता रॉड वाकलेला आणि पिस्टनच्या कडा खाल्लेल्या दिसतात, आणि मालक रॉडलाच दोष देत राहतो. रॉड तेथे शेवटचा बळी असतो. गुन्हेगार बहुधा पेट्रोलच्या टाकीत किंवा ठिणगीच्या वेळापत्रकात सापडतो.

वाकलेल्या रॉडचे दर्शन महाराष्ट्रातील सर्वसामान्य मोटारमालकाला टर्बोमुळे नव्हे, पावसामुळे झाले आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाण्यात अडकलेल्या गाड्या चालू करून बाहेर काढण्याच्या धडपडीत इंजिनात पाणी शिरण्याचा प्रकार घराघरांत माहीत झाला. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन पाण्यावर थांबतो आणि फिरणाऱ्या क्रँकचा सगळा जोर रॉडवर येऊन तो वाकतो. विम्याच्या कागदांत यालाच ‘हायड्रोस्टॅटिक लॉक’ म्हणतात. अशा वाकलेल्या रॉडची लांबी किंचित कमी होते, त्यामुळे त्या सिलिंडरातला पिस्टन वरच्या टोकाला इतरांएवढा पोहोचत नाही आणि कॉम्प्रेशनची चाचणी घेतली की तेथील दाब कमी दिसतो. जास्त बूस्टने वाकलेला रॉड नेमक्या याच खुणेने ओळखला जातो. तो वाकूनही काही काळ चालतो, गाडी किंचित थरथरते, मालक स्पार्क प्लग बदलून पाहतो, आणि मग एके दिवशी रॉड ब्लॉकच्या भिंतीला भोक पाडून बाहेर येतो.

ओढणाऱ्या भाराची गोष्ट निराळी आहे. एक्झॉस्टचा धूर बाहेर ढकलून पिस्टन वर पोहोचतो तेव्हा त्याच्या माथ्यावर दाब जवळजवळ नसतो, म्हणून वजनाचा ओढा खाणारे काहीच उरत नाही आणि तो सबंध रॉडच्या मोठ्या टोकाच्या दोन बोल्टांवर पडतो. इंजिन नेहमीपेक्षा जास्त फिरवले, विशेषतः वेगात असताना चुकून खालचा गिअर टाकला, तर बळी जातो तो या बोल्टांचा, दांड्याचा नव्हे. बोल्ट आवळताना त्यात जो ताण भरला जातो तो धावताना येणाऱ्या ओढ्यापेक्षा अधिक असला पाहिजे, नाहीतर दोन अर्धगोल प्रत्येक फेरीत किंचित उघडून मिटत राहतात आणि बोल्ट थकून तुटतो. म्हणून जुन्या इंजिनात नवे, चांगल्या पोलादाचे बोल्ट घालणे हा स्वस्त आणि शहाणपणाचा उपाय मानला जातो. मात्र नव्या बोल्टांच्या वेगळ्या आवळणीने मोठ्या टोकाचा गोलपणा बिघडतो, आणि ते पुन्हा होनिंग करून अचूक गोल करावे लागते. हा टप्पा गाळणाऱ्याचे बेअरिंग लवकरच बोलू लागते.

रॉडच्या वयाचा मुद्दा राहतो. तीन लाख किलोमीटर चाललेली गाडी सरासरी ताशी ६० किलोमीटर वेगाने आणि २५०० फेऱ्यांवर धावली असे धरले, तर तिच्या क्रँकशाफ्टने ७५ कोटी फेऱ्या केलेल्या असतात आणि प्रत्येक रॉडने त्याच्या निम्म्या वेळा ज्वलनाचा तडाखा खाल्लेला असतो. पुनःपुन्हा येणाऱ्या भाराने धातू शिणतो, हे ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवरील प्रयोगांतून दाखवले, आणि पोलादाच्या बाबतीत हेही दिसून आले की भार एका मर्यादेखाली राहिला तर तो जवळजवळ अमर्याद वेळा सोसता येतो. यावरून जुन्या रॉडविषयी दोन टोकांची मते निघतात. एक पक्ष म्हणतो की इतके चालला त्याअर्थी मजबूत आहे. दुसरा म्हणतो की इतके चालला म्हणून संपला. दोन्ही मते अर्धवट आहेत. कारखान्याच्या भारावर मर्यादेखाली राहिलेला रॉड वयाने म्हातारा होत नाही, पण बूस्ट वाढवताच ती मर्यादा ओलांडली जाऊ शकते, आणि मग फेऱ्यांची मोजणी त्या दिवसापासून सुरू होते. त्यातच जुन्या रॉडवर गंजाचा एखादा खड्डा किंवा कोणाच्या तरी हातोडीचा ओरखडा असला तर तडा तेथूनच जातो. म्हणून चांगल्या कार्यशाळेत रॉड चुंबकीय चाचणीने तपासतात, ज्यात चुंबकित केलेल्या पृष्ठभागावर लोखंडाची बारीक पूड टाकली की नजरेला न दिसणाऱ्या तड्यांवर ती रेघेसारखी जमते. नंतर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करून त्याचा पृष्ठभाग दाबून घेतला जातो, जेणेकरून तडा उघडायलाच अडथळा होतो.

इतके करण्यापेक्षा नवे रॉड घालणे अनेकांना परवडते. बाजारात मिळणारे मजबूत रॉड बहुधा निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेल्या मिश्र पोलादाचे, ज्याला आपल्याकडील यंत्रशाळांत ‘ईएन-२४’ या जवळच्या नावाने ओळखतात, घडाईने बनवलेले असतात. ओतीव भागात धातू साच्यात गोठतो. घडाईत तापलेला धातू साच्यात ठोकून दाबला जातो आणि त्याच्या अंतर्गत रचनेची दिशा भागाच्या आकाराप्रमाणे वळते, लाकडाचा तंतू फांदीच्या वळणाने जावा तसा. घडाईचे हे शास्त्र मराठी वाचकाला परके असण्याचे कारण नाही, कारण १९६१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत फोर्जने क्रँकशाफ्ट आणि रॉडसारख्या भागांच्या घडाईतच जगभर नाव कमावले. व्होल्वोच्या बाबतीत स्वस्तातला मार्ग म्हणजे नंतरच्या इंजिनाचे तेराचे रॉड मिळवणे, आणि ते फार जण करतात. बी-२३ चे जुने रॉड मात्र बी-२३० मध्ये तसेच बसवून चालत नाहीत, कारण ते ७ मिलिमीटर आखूड आहेत आणि त्या इंजिनाच्या बुटक्या पिस्टनबरोबर ते बसवले तर पिस्टन तेवढाच खाली राहील.

नवे रॉड घातले म्हणजे सगळे निभावले असेही नाही. रॉड ही साखळीतली एक कडी असते आणि ती जाड केली की पुढची पातळ कडी उघडी पडते: आधी हेड गॅस्केट, मग क्लच, मग गिअरबॉक्स. सर्व निर्माते काळाबरोबर रॉड जाडच करत गेले असेही नाही. मित्सुबिशीच्या प्रसिद्ध ४जी६३ टर्बो इंजिनात १९९२ च्या सुमारास उलटे घडले. क्रँकशाफ्टला फ्लायव्हील सहा बोल्टांनी जोडणारे आधीचे इंजिन दणकट रॉडचे होते आणि सात बोल्टांच्या नंतरच्या इंजिनात रॉड हलके झाले, म्हणून तेथे जाणकार जुनेच इंजिन शोधत फिरतात. ‘नवे ते मजबूत’ किंवा ‘जुने ते सोने’ यांपैकी कोणतीही म्हण या क्षेत्रात कामाची नाही.

आज पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर लहान टर्बो पेट्रोल इंजिनांच्या गाड्या सर्रास दिसतात, आणि लॅपटॉप जोडून तासाभरात बूस्ट वाढवून देणाऱ्या ‘रीमॅप’ची जाहिरातही. या इंजिनांतले लहान टर्बो दोन हजार फेऱ्यांच्या आतच कमाल टॉर्क देतात, म्हणजे वर पाहिलेल्या हिशेबात रॉडला सर्वांत नकोशा जागी. तेथे कारखान्याने संगणकात घातलेली टॉर्कची मर्यादा ही ग्राहकाची अडवणूक नसून रॉडचे आयुष्य असते, आणि ती काढून टाकणारा माणूस किती अश्वशक्ती वाढली हे सांगतो, किती फेऱ्यांवर वाढली हे सहसा सांगत नाही.

जुन्या व्होल्वोच्या मालकासमोर मात्र त्याहून साधा प्रश्न असतो. बदल झाला त्या एक-दोन वर्षांतील गाड्यांत कोणते रॉड आहेत हे नोंदणीच्या वर्षावरून खात्रीने सांगता येत नाही, आणि तीस-पस्तीस वर्षांत कितीतरी गाड्यांची इंजिनेच बदलली गेली आहेत. विकणारा ‘तेराचे आहेत’ म्हणतो ते त्याला कोणीतरी सांगितलेले असते. त्यामुळे मेकॅनिक इंजिन थोडे उचलून त्याखालचा ऑइल पॅन काढतो, क्रँक हाताने फिरवून एक रॉड खाली आणतो, फडक्याने त्यावरचे काळे तेल पुसतो, आणि दांड्याच्या मधोमध व्हर्निअर कॅलिपर लावतो.